आहारतज्ज्ञ व्हायचे आहे? मग पदवी पारखून घ्या

पावसाळा सरत आला की दौलताबादच्या किल्ल्याजवळून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या आणि पेरूंच्या टोपल्या मांडल्या जातात. गाड्या थांबतात, भाव होतो आणि घेणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, ‘शुगर असलेल्याला सीताफळ चालते का?’ एक म्हणतो, अजिबात नाही. दुसरा म्हणतो, फळच तर आहे, काय होते! तिसऱ्याने मोबाइलवर काहीतरी पाहिलेले असते आणि तो कुठल्या तरी काढ्याची कृती सांगू लागतो.

या प्रश्नाचे खरे उत्तर एका शब्दात देता येत नाही. सीताफळाच्या 100 ग्रॅम गरात साधारण 100 कॅलरी आणि 20 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. ज्याची साखर आटोक्यात आहे त्याला जेवणातला एखादा फुलका कमी करून अर्धे फळ खाता येते. ज्याची साखर फार वाढलेली आहे त्याला आधी ती खाली आणावी लागते. ज्याची मूत्रपिंडे कमकुवत झाली आहेत त्याच्यासाठी साखरेबरोबर पोटॅशियमचाही हिशेब करावा लागतो. फळ एकच, पण माणूस बदलला की उत्तर बदलते. तपासणीचे अहवाल, चालू औषधे, घरातला स्वयंपाक आणि खिशातले पैसे पाहून हे उत्तर जबाबदारीने देणे हे आहारतज्ज्ञाचे, म्हणजेच डाएटिशियनचे काम.

अशा माणसांची गरज मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेतली बरीच मुले-मुली आहारशास्त्राकडे वळतात. अडचण पुढे सुरू होते. एकाच तऱ्हेची नावे असलेल्या अनेक पदव्या समोर येतात आणि त्यांतली कोणती पदवी रुग्णालयात काम मिळवून देईल, हे माहितीपत्रकावरून कळत नाही. निवड चुकली तर तीन-चार वर्षे आणि घरचे पैसे खर्च होऊनही ज्या कामासाठी शिकलो तेच करता येत नाही.

नावे सारखी, वाटा वेगळ्या

‘फूड’ किंवा ‘न्यूट्रिशन’ हा शब्द नावात असलेल्या पदव्यांचे ढोबळ चार गट पडतात.

पहिला गट न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्सच्या पदव्यांचा. त्यात शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आजारांतील आहार आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष काम यांवर भर असतो. आहारतज्ज्ञ होण्याची सर्वांत सरळ वाट हीच.

दुसरा गट गृहविज्ञानाच्या बी.एस्सी.चा. अन्न व पोषण ही त्यातली एक शाखा असते. बालविकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन या बाकीच्या शाखा. पुढच्या वर्षांत अन्न व पोषणातच विशेष अभ्यास करता येत असेल तर हा मार्गही चांगला आहे आणि देशातल्या अनेक जुन्या-जाणत्या आहारतज्ज्ञ याच वाटेने आल्या आहेत. मात्र मराठवाड्यातल्या अनेक महाविद्यालयांत ‘गृहविज्ञान’ हा बी.ए.चा एक विषय असतो. त्या पदवीत रसायनशास्त्राचा आणि रुग्णालयीन कामाचा पाया नसतो, म्हणून तिच्या जोरावर डाएटेटिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेलच असे गृहीत धरू नये.

तिसरा गट फूड टेक्नॉलॉजी आणि फूड सायन्सचा. येथे अन्नप्रक्रिया, टिकवण, पॅकिंग, गुणवत्ता चाचणी शिकवतात. सीताफळाचा गर काढून तो काळा न पडता महिनोन्महिने कसा टिकवायचा, हा त्यांचा प्रश्न. तो गर कोणत्या रुग्णाने किती खावा, हा त्यांचा विषय नाही. कारखाना आणि प्रयोगशाळा आवडणाऱ्यांसाठी ही वाट उत्तम आहे, फक्त ती वॉर्डाकडे जात नाही.

चौथा गट काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या प्रमाणपत्रांचा. जिममध्ये, समाजमाध्यमांवर ‘सर्टिफाइड डाएट कोच’ म्हणून मिरवणाऱ्यांपैकी अनेकांकडे असेच कागद असतात. स्वतःच्या माहितीसाठी असा अभ्यास करायला हरकत नाही, पण तो पदवीला पर्याय नाही.

‘स्वयंपाक शिकायला एवढ्या लांब कशाला?’

गावातून शहरात शिकायला निघालेल्या मुलीला हा प्रश्न आजही घरात ऐकावा लागतो. पोषण म्हणजे स्वयंपाक आणि स्वयंपाक म्हणजे बायकांचे काम, अशी ही समजूत. तिला उत्तर देणारे उदाहरण मराठी घरातलेच आहे. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांनी 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. गुण उत्तम असूनही, केवळ स्त्री म्हणून, संस्थेचे तत्कालीन संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना प्रवेश मिळाला आणि 1936 मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. 1939 मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून त्या भारतात परतल्या. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

परतल्यावर त्यांनी कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले आणि पुढे मुंबईत डाळी, नीरा अशा सामान्य माणसाच्या खाण्यापिण्याच्या पदार्थांतील पोषणमूल्यांचा अभ्यास केला. त्यांचे काम जीवरसायनशास्त्राचे होते, आणि आहारशास्त्राच्या पदवीचा कणाही तोच विषय आहे. रसायनशास्त्र टाळण्यासाठी म्हणून ही शाखा निवडणारा विद्यार्थी दुसऱ्याच वर्षी अडचणीत येतो.

कायदा काय म्हणतो

अनेक वर्षे भारतात कोणीही दारावर ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी लावू शकत होता. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ ही पदवी कायद्याने संरक्षित आहे, नोंदणीशिवाय ती लावता येत नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2024 पासून नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला बसायचे तर पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे ही शिस्त आणण्यासाठी संसदेने 2021 मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट या दोन्ही व्यवसायांचा समावेश आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी तीन ते सहा वर्षांत विभागलेली आणि किमान 3,600 तासांची असावी लागते. राज्य परिषदांमार्फत व्यावसायिकांची नोंदणी करण्याची तरतूदही त्यात आहे. 2025 मध्ये आयोगाने न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्ससह अनेक शाखांचे समान अभ्यासक्रम जाहीर केले.

त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने आणखी एक निर्णय घेतला. या कायद्याच्या कक्षेतील आरोग्यविषयक अभ्यासक्रम, त्यांत अन्न व पोषणशास्त्र आणि क्लिनिकल न्यूट्रिशन व डाएटेटिक्सही आले, जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे ‘घरबसल्या डाएटेटिक्सची पदवी’ अशी जाहिरात यापुढे दिसली तर सावध व्हावे.

या सरकारी चौकटीखेरीज इंडियन डायटेटिक असोसिएशन या व्यावसायिक संघटनेची ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही परीक्षा आहे. मोठी रुग्णालये नोकरी देताना तिला महत्त्व देतात. तिच्यासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी किंवा डाएटेटिक्सची पदव्युत्तर पदविका आणि रुग्णालयातील सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. म्हणजे बारावीनंतरचा हिशेब तीन वर्षांत संपत नाही, पाच-सहा वर्षांचा धरावा लागतो. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची ऑनर्स किंवा तीन वर्षांनी बाहेर पडण्याची, अशी झाली आहे. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडल्यास रुग्णालयातला अनुभव हुकतो का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे.

खरे शिक्षण वॉर्डात

रुग्णालयाच्या अनुभवावर एवढा भर का, हे एका शहाळ्यावरून समजते. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. एका शहाळ्याच्या पाण्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम किंवा त्याहूनही अधिक पोटॅशियम असू शकते. निरोगी मूत्रपिंडे ते सहज बाहेर टाकतात. डायलिसिसवरच्या रुग्णाच्या रक्तात मात्र ते साचते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वॉर्डात फिरणारी आहारतज्ज्ञ रुग्णाच्या उशाशी ठेवलेले शहाळे पाहते, प्रेमाने ते आणणाऱ्या मामांना न दुखावता समजावते आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकण्याची पद्धत घरच्या बाईला दाखवते. यातले पोटॅशियमचे आकडे पुस्तकात मिळतात, मामांशी बोलायचे कसे ते पुस्तकात मिळत नाही.

नाकातल्या नळीने अन्न द्यायच्या रुग्णासाठी कॅलरी, प्रथिने आणि पाणी यांचा दिवसभराचा हिशेब मांडावा लागतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्या एकदम वाढवल्या किंवा बंद केल्या तर औषधाचा परिणाम बदलतो, कारण पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खायला घालणेही धोक्याचे असते. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या उपाशी युद्धकैद्यांपैकी काहींचा पोटभर अन्न मिळाल्यावर मृत्यू झाला होता. रक्तातील फॉस्फेट आणि इतर क्षार अचानक घसरल्याने असे होते, हे पुढे समजले. आजही तीव्र कुपोषित बालकाला किंवा अनेक दिवस न जेवलेल्या रुग्णाला आहार सावकाश वाढवत द्यावा लागतो. म्हणून या शाखेत चूक झाली तर ती केवळ वजनकाट्यावर दिसत नाही.

जवळचे की चांगले?

दौलताबाद ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. रोज जाऊन-येऊन शिकता येईल असे महाविद्यालय मिळाले तर खर्च आणि काळजी दोन्ही वाचतात. शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. घाटी म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, खासगी रुग्णालये आहेत. म्हणजे शिकण्यासाठी रुग्णांची वानवा नाही. प्रश्न एवढाच, की निवडलेल्या महाविद्यालयाचा अशा एखाद्या रुग्णालयाशी लेखी करार आहे का?

दुसरा पर्याय परभणीचा. दौलताबाद स्टेशनावरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून परभणीला पोहोचतो. तेथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वीचे गृहविज्ञान महाविद्यालय. त्याच्या चार वर्षांच्या पदवीत अन्न व पोषण हा महत्त्वाचा भाग असतो आणि गावागावांत जाऊन काम करण्याचा अनुभव मिळतो. कृषी विद्यापीठांच्या पदव्यांचे प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. म्हणून ही वाट धरायची तर बारावीचे वर्ष संपण्याआधीच सीईटीचा अर्ज भरलेला हवा. निकालानंतर जाग आली तर ते वर्ष गेलेले असते.

मुंबईत महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये स्थापन केलेले एसएनडीटी महिला विद्यापीठ आणि निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय, नागपुरात एलएडी महाविद्यालय ही जुनी नावे. राज्याबाहेर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय नावाजलेले आहे. दिल्ली विद्यापीठातील प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा द्यावी लागते. पदवीनंतर संशोधनाकडे वळायचे असेल तर हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे. कमला सोहोनींनी काम केलेली कुन्नूरची प्रयोगशाळाच 1958 मध्ये हैदराबादला हलली आणि पुढे या नावाने ओळखली जाऊ लागली. दौलताबादहून निघणारा तोच लोहमार्ग तिच्या शेजारच्या सिकंदराबादला संपतो.

लांब जायचे तर पैशांचा हिशेब आधी मांडावा. राज्य सरकारने 2024-25 पासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. मात्र निवडलेली पदवी ‘व्यावसायिक’ यादीत बसते का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागाकडून आधी खात्री करून घ्यावे. साधी बी.एस्सी. त्या यादीत नसेल, तर माफी गृहीत धरून केलेला हिशेब कोलमडतो. राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आणि इतर पात्र विद्यार्थ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे तहसीलच्या गर्दीत अडकण्याआधी, म्हणजे परीक्षा संपताच काढायला घ्यावीत.

प्रवेशाआधी विचारायचे सहा प्रश्न

महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन, शक्यतो पालकांना बरोबर घेऊन, पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे लेखी मागावीत.

1. पदवीवर नेमके नाव काय छापले जाईल आणि ती कोणत्या विद्यापीठाची असेल?

2. अभ्यासक्रम 2021 च्या कायद्याला आणि आयोगाच्या नव्या आराखड्याला धरून आहे का? एकूण तास किती?

3. रुग्णालयातील प्रशिक्षण किती आठवड्यांचे, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वॉर्डांत?

4. शिकवणाऱ्यांपैकी किती जण पूर्णवेळ आहेत आणि त्यांच्यापैकी कोणी रुग्णालयात काम केले आहे का?

5. जीवरसायनशास्त्राची आणि अन्नविश्लेषणाची प्रयोगशाळा चालू आहे का? ती पाहता येईल का?

6. मागच्या दोन तुकड्यांतील विद्यार्थी आज काय करत आहेत?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. रुग्णालयांखेरीज जिल्हा स्तरावरील पोषण पुनर्वसन केंद्रे, अंगणवाडी यंत्रणा, शालेय पोषण आहार, खेळाडूंची प्रशिक्षण केंद्रे, अन्नसुरक्षा आणि शिक्षण अशी बरीच क्षेत्रे या पदवीला खुली आहेत. शाळेतल्या खिचडीचेच पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. ते आकडे ताटात उतरवणे हेही आहारशास्त्रच.

सुरुवातीचा पगार मात्र इंजिनीअर किंवा डॉक्टरच्या तुलनेत कमी असतो, हेही घरात आधीच बोलून घ्यावे. पहिली काही वर्षे अनुभवाची असतात. स्वतःचे सल्लाकेंद्र त्यानंतरच चालते.

अर्ज भरण्याआधी जमल्यास एक दिवस रुग्णालयातल्या एखाद्या आहारतज्ज्ञाबरोबर परवानगी घेऊन घालवावा. सकाळी वॉर्डाची फेरी, मग स्वयंपाकघरातल्या ताटांची तपासणी, दुपारी बाह्यरुग्ण विभागात एकामागून एक येणारे रुग्ण. डाळीपेक्षा चहाच जास्त पिणाऱ्या गरोदर बाईला चहा जेवणापासून दूर ठेवायला सांगणे आणि जेवणाबरोबर पेरूची फोड सुचवणे, कारण चहा अन्नातील लोह शोषू देत नाही आणि पेरूतले क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करते. पेरू दौलताबादेत स्वस्त आहे, गोळ्या आणि सफरचंदे तेवढी स्वस्त नाहीत. दिवसभर हे पाहून कंटाळा आला नाही, तर फॉर्म भरायला हरकत नाही.